हॉस्टेलचा नळ आणि डेड टाइम

थंडीत हॉस्टेलमध्ये सकाळी आंघोळ करणाऱ्या प्रत्येकाने प्रोसेस कंट्रोलचा पहिला धडा गिरवलेला असतो. सोलरचा नळ सोडला, पाणी गार. आणखी सोडला, तरी गारच. वैतागून पूर्ण सोडला आणि मग एकदम चटका! गच्चीपासून नळापर्यंत १५ मीटर पाइप, आतला व्यास १५ मिलिमीटर धरा. त्यात सुमारे २.६५ लिटर पाणी मावते. मिनिटाला ६ लिटरने ते बाहेर पडायला २६ सेकंद लागतात. हाच 'डेड टाइम'. या वेळात नळावर कितीही राग काढा, उपयोग शून्य.

बी.ई.ला मी लाप्लास, बोडे प्लॉट, रूट लोकस सगळे पाठ केले होते. मार्कही बरे पडले. एम.टेक.ला मात्र प्रोजेक्टसाठी हीट एक्स्चेंजर समोर आला. वाफेचा व्हॉल्व्ह कमी-जास्त करून बाहेरचे पाणी ६० अंशांवर ठेवायचे, एवढेच काम. पण तापमान काही केल्या स्थिर होईना. गेन वाढवला की झोके आणखी मोठे. दोन आठवडे मी कंट्रोलरला शिव्या घातल्या. सबमिशन जवळ आलेले, सेमिस्टर हातचे जाते की काय अशी अवस्था.

शेवटी सरांनी आलेख पाहिला आणि एकच विचारले, "थर्मोकपल कुठे बसवलंय?"

ते पाइपाच्या पार टोकाला होते! एक्स्चेंजरपासून तिथपर्यंत पाणी पोचायलाच बहुतेक वेळ जात होता. स्टेप टेस्ट घेतली, म्हणजे व्हॉल्व्ह थोडा उघडून दर पाच सेकंदांनी तापमान टिपले. डेड टाइम ४० सेकंद, टाइम कॉन्स्टंट ६० सेकंद.

आता गणित बघा. प्रोसेस गेन १ धरला, तर झोके कायम राहतील असा सीमेवरचा गेन येतो सुमारे ३ आणि एका झोक्याचा काळ १३२ सेकंद. झिग्लर आणि निकोल्स यांच्या १९४२ च्या नियमाने पीआय कंट्रोलरचा गेन त्याच्या ०.४५ पट, म्हणजे १.३५, इंटिग्रल टाइम झोक्याचा काळ भागिले १.२, म्हणजे ११० सेकंद. मी गेन ४ वर नेऊन ठेवला होता! झोके वाढणारच.

थर्मोकपल एक्स्चेंजरजवळ आणले. डेड टाइम १० सेकंदांवर आला. सीमेवरचा गेन सुमारे १०, म्हणजे कंट्रोलरचा गेन ४.५ आणि इंटिग्रल टाइम ३१ सेकंद. जो गेन काल घातक होता तोच आज चालला. कंट्रोलर तोच, बदलली फक्त एक जागा.

डेड टाइमवर ओ. जे. एम. स्मिथ यांनी १९५७ मध्ये 'प्रेडिक्टर'चा उपाय दिला, पण त्याला प्रोसेसचे चांगले मॉडेल लागते. आणि पाइपात अडकलेले पाणी कुठलेच गणित लवकर पोचवू शकत नाही. ते काम डिझाइनचे. आपण मात्र डिझाइन एका सेमिस्टरला, कंट्रोल दुसऱ्या सेमिस्टरला शिकतो आणि दोघांची गाठ घालून द्यायचे विसरतो.

म्हणून ज्युनिअर मित्रांनो, ब्लॉक डायग्रॅम काढण्याआधी टेप आणि स्टॉपवॉच घेऊन पाइपाच्या बाजूने एकदा चालत जा. माझे दोन आठवडे गेले, तुमचे वाचतील. आणि उद्या सकाळी नळ सोडलात की २६ पर्यंत मोजा!