जुनी पिकअप घरी दुरुस्त करताना



जुनी डिझेल पिकअप दारात आली की पहिला हात कागदांना लावावा. आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर फॉर्म ३५ देऊन तो उतरवेपर्यंत गाडीवर पैसा घालू नये. गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. चासी नंबर झेरॉक्सवरून न वाचता फ्रेमवरचा चिखल पुसून आरसीशी ताडावा. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंग करावे लागते. ते संपलेले असेल तर गाडीचा भाव त्या हिशेबाने बोलावा.

नाशिककडे जुनी पिकअप म्हणजे बहुतेक वेळा बोलेरो. महिंद्राचा कारखानाच सातपूरला असल्याने या गाडीचे सुटे भाग मिळवायला फारशी वणवण करावी लागत नाही, आणि पहिल्यांदा घरी काम शिकणाऱ्यासाठी ही सोय मोठी आहे. मात्र या भागातली गाडी राबलेली असते. पिंपळगाव बसवंतला टोमॅटो, लासलगावला कांदा, निफाड-दिंडोरीची द्राक्षे आणि आठवड्यातून काही रात्री मुंबई. मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवण्यापेक्षा क्लच पेडलचे रबर, लोडबॉडीचा पत्रा आणि मागचे पाटे पाहावेत. पाटे उलटे वाकलेले दिसले तर गाडीने कसला भार वाहिला ते वेगळे विचारावे लागत नाही. कांद्याचे पापुद्रे आणि ओली माती लोडबॉडीखालच्या सांध्यांत साचून राहते आणि तिथूनच गंज धरतो. म्हणून कोणतेही काम काढण्याआधी गाडी खालून स्वच्छ धुऊन घ्यावी. अर्धे दोष धुतल्यावरच दिसतात.

इंजिनची परीक्षा थंड असतानाच खरी होते. गिऱ्हाईक येण्याआधी गाडी तापवून ठेवणारे विक्रेते असतात, तेव्हा आधी बॉनेटला हात लावून पाहावा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबल्या गेलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. त्यामुळे रिंगा झिजून दाब कमी झाला किंवा हीटर प्लग गेले की थंडीत सेल्फ मारूनही इंजिन दाद देत नाही. राज्यातले नीचांकी तापमान हिवाळ्यात अनेकदा निफाडलाच नोंदले जाते, म्हणून तिथल्या शेतकऱ्याला हा दोष पुण्या-मुंबईच्या मालकाआधी कळतो. हीटर प्लग घरी मल्टिमीटरवर तपासता येतात. चांगला प्लग जेमतेम एखादा ओहम रोध दाखवतो, तुटलेला काहीच दाखवत नाही.

नंतर धूर पाहावा. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. इथे थेट नोझलवर संशय घेण्याची घाई होते. त्याआधी एअर फिल्टर आणि टर्बोपासून इंजिनाकडे जाणारे रबरी होज पाहावेत. चिरलेला होज गाडीची निम्मी ताकद खातो आणि तो बदलायला एक पाना पुरतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे: रिंगा, व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बोचे सील. पांढरा धूर सकाळी क्षणभर दिसला तर चालतो. इंजिन तापल्यावरही तो येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट गेले असण्याची शक्यता मोठी. शेवटी इंजिन सुरू असताना ऑइलचे झाकण सैल करून ठेवावे. ते भसाभस उडू लागले तर गाडी बॅक कॉम्प्रेशन मारते आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांवरून खाली गळतो आहे. हे हाफ इंजिनचे काम आहे आणि ते अंगणात करण्यासारखे नाही.

डिझेलचा मार्ग हा या गाडीचा सर्वांत नाजूक भाग. टाकीतून आलेले डिझेल फिल्टर आणि पाणी वेगळे करणाऱ्या वाटीतून पंपाकडे जाते. वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून साचलेले पाणी वरचेवर काढावे, पावसाळ्यात तर अधिकच. फिल्टर बदलल्यावर लाइनमध्ये एअर धरते. हँड प्रायमर कडक होईपर्यंत दाबून ती काढावी लागते. नुसता सेल्फ मारत राहिल्याने बॅटरी उतरते आणि एअर तशीच राहते. नवा फिल्टर कॅनमधल्या डिझेलने भरून बसवण्याची सवय जुन्या मेकॅनिकांना असते. कॉमन रेलच्या, म्हणजे फार मोठ्या दाबाने डिझेल फवारणाऱ्या नव्या इंजिनाच्या, गाडीत ती सोडून द्यावी, कारण तसे ओतलेले डिझेल न गाळताच पंपात जाते.

जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात चालू गाडीवर नोझलचा एकेक नट सैल करून कोणता सिलिंडर मेला आहे ते शोधत. ही युक्ती कॉमन रेलवर कधीही करू नये. कारच्या टायरमध्ये हवा साधारण २ बार असते. इथे नळीतला दाब हजार बारच्या वर जातो. त्या दाबाची डिझेलची बारीक धार कातडीत शिरते. वरून टाचणीच्या टोचणीएवढी खूण दिसते, आत मात्र मांस सडू लागते, म्हणून तसे झाल्यास दुखत नसले तरी लगेच रुग्णालय गाठावे. गळती शोधायची तर हाताऐवजी पुठ्ठा फिरवावा.

नोझल काढून तारेच्या ब्रशने घासणे म्हणजे चांगल्या वस्तूचे भंगार करणे. तिच्या टोकाची छिद्रे मिलिमीटरच्या दोन-दशांशाच्या आतबाहेर असतात. हे काम टेस्ट बेंचवरच व्हावे, आणि नाशिककरांना त्यासाठी दूर जावे लागत नाही. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचा, म्हणजे मायकोचा, डिझेल नोझलचा कारखाना सातपूरलाच आहे. कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश झाले, शहरातला चौक मात्र मायको सर्कलच राहिला. ओळखीच्या पंप-नोझलवाल्याकडे जाऊन फवारा डोळ्यांनी पाहावा आणि नवी नोझल घेताना बिल मागावे, कारण नामांकित खोक्यात भरलेला डुप्लिकेट माल बाजारात असतोच.

आता ब्रेक. इंजिनाचा सगळा खटाटोप थांबवून आधी ब्रेक करावेत, असा क्रम असायला हवा. प्रत्यक्षात पैसे संपल्यावर ब्रेकची आठवण होते. इगतपुरीहून कसारा घाट उतरताना गाडी सुमारे ३०० मीटर खाली येते. तीन टनांची भरलेली गाडी एवढे उतरताना जी ऊर्जा सोडते, तीवर २५ लिटरहून अधिक पाणी उकळीला येईल. ती उष्णता एक तर खालच्या गिअरमध्ये इंजिन खाते, नाहीतर लायनर आणि ड्रम खातात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. नवे डॉट-३ किमान २०५ अंशांना उकळते, ओल शोषलेल्याचा उत्कलनबिंदू १४० अंशांपर्यंत येऊ शकतो. उकळले की नळीत वाफ होते आणि पेडल फळीला टेकते. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावे आणि चारही चाकांच्या ब्रेकची एअर काढावी. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी, कारण स्वस्त लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. मागच्या ब्रेकला भारानुसार दाब कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याचा दांडा गंजून अडकलेला नाही ना, ते पाहावे. चाक सुटलेले असतानाच हब ग्रीसिंग, टाय रॉड एंड आणि स्टिअरिंगची ढील उरकून घ्यावी.

या सगळ्यासाठी गाडीखाली जावे लागते. रिकामी पिकअपही दीड टनाहून जड असते. हायड्रोलिक जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. त्याचे एक सील फाटले की गाडी खाली येते. कोब्यावर किंवा जाड फळीवर घोड्या (जॅक स्टँड) लावाव्यात, उरलेल्या चाकांना पुढेमागे ठोकळे द्यावेत आणि अंगाचा कोणताही भाग खाली नेण्यापूर्वी गाडी हाताने हलवून पाहावी. विटा रचून त्यावर चासी टेकवणे नाशिकपासून नंदुरबारपर्यंत सर्वत्र चालते, पण वीट भाराखाली न सांगता फुटते. वेल्डिंग करायचे असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी, नाहीतर ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, जाण्याचा धोका असतो.

सुधारणांचा विषय पाट्यांपासून निघतो. जास्तीचा पाटा टाकला की गाडी कमी बसते, एवढेच. ॲक्सल, ब्रेक, टायर आणि चासी कंपनीने ठरवलेल्या भाराचीच राहतात. आरसीवरचे वजनही बदलत नाही, आणि कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये आहे. थकलेले पाटे नव्याने बसवावेत, शॅकल पिना, बुश आणि यू-बोल्ट त्यांच्यासोबतच बदलावेत, पण त्यापुढे जाऊ नये. ईसीएम रीमॅप करून ताकद वाढते, तिची किंमत क्लच, टर्बो आणि गिअरबॉक्स चुकवतात. काळा धूर ओकणारी गाडी रीमॅपने सुधारत नाही. आधी तिची मूळची ताकद परत आणावी, मग आणखी लागतेच का ते ठरवावे; बहुतेकांना लागत नाही. ईजीआर बंद करणे, बीएस-६ गाडीचा डीपीएफ काढून टाकणे किंवा पुढे लोखंडी बुलबार लावणे यांपैकी काहीच कायद्यात बसत नाही, आणि पासिंगला गाडी परत फिरते. पैसा घालायचाच असेल तर हेडलाइटला रिले आणि जाड वायर घालावी, मागे रिफ्लेक्टर पट्टी लावावी, चासीला आतून गंजरोधक मारावे आणि चालकाची सीट नीट करावी. रंगाचे शेवटी पाहता येते.

काम संपल्यावर गाडी आधी रिकामी, मग अर्ध्या भाराने गावाजवळच चालवावी. परत आल्यावर चाकांना हात लावून कोणते चाक जास्त तापले ते पाहावे. तिथला ब्रेक अडकतो आहे किंवा बेअरिंग जास्त आवळले गेले आहे. ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइलची पातळी बघावी, आणि काढलेल्या प्रत्येक चाकाचे नट ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत.