पूर्वजन्माची स्मृती आणि बुद्धिसंयोग

आमच्या हावड्यातील बंगाली शेजाऱ्यांत सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ (१९७४) या चित्रपटाचा विषय वारंवार निघतो. बालक मुकुल यास पूर्वजन्म आठवतो. त्या जन्मीच्या धनाच्या लोभाने दुष्ट लोक त्याच्या मागे लागतात. जैसलमेरच्या दुर्गात आपले घर भग्न झालेले पाहून तो रडतो व कलकत्त्यास परतू इच्छितो.

वाचकहो, चौथ्या अध्यायात भगवान सांगतात की, उभयतांचे अनेक जन्म होऊन गेले. अर्जुनास मात्र ते ठाऊक नाहीत. या अज्ञानाबद्दल तेथे त्यास दोष दिलेला नाही. योगभ्रष्टास पूर्वदेहातून लाभतो तो बुद्धिसंयोग (६.४३), आणि त्याच्या बळावर तो पुनः सिद्धीसाठी यत्न करतो. भाषांतर करताना या पदास मी प्रथम ‘स्मृती’ हा प्रतिशब्द योजला होता. तो चुकीचा होता. मी तो खोडला.