एक नोंद, अनेक लेख : लाटेकमधील संदर्भसूचीची व्यवस्था

महात्मा जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ साली प्रसिद्ध झाले. पुढे धनंजय कीर व स. गं. मालशे यांनी संपादिलेल्या समग्र वाङ्मयात १९६९ साली त्याचा समावेश झाला. य. दि. फडके यांनी संपादिलेली समग्र वाङ्मयाची आवृत्ती १९९१ साली निघाली. अभ्यासकाने आपल्या प्रबंधात केवळ ‘फुले’ आणि पृष्ठाचा आकडा एवढेच दिले, तर वाचकाने यांपैकी कोणता ग्रंथ उघडावा? लेखकाचे विधान पडताळून पाहण्याचा वाचकाला अधिकार आहे आणि तो अचूक संदर्भामुळेच बजावता येतो.

लहान लेखातील संदर्भ हाताने लिहिता येतात. प्रबंध किंवा मोठा अहवाल असला की, तोच ग्रंथ चार प्रकरणांत येतो आणि एखाद्या ठिकाणी साल चुकते. ही अडचण लाटेक या अक्षरजुळणी-प्रणालीत मुळातच दूर केलेली आहे. डोनाल्ड क्नूथ यांच्या टेक या प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०च्या दशकात लाटेकची उभारणी केली. संदर्भांसाठी ओरेन पॅटाश्निक यांनी लॅम्पोर्ट यांच्या सहकार्याने १९८५ साली बिबटेक हा प्रोग्रॅम सिद्ध केला.

नोंदफाइलीचे स्वरूप

या पद्धतीत सर्व ग्रंथांच्या नोंदी एका स्वतंत्र, साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवतात. प्रत्येक नोंदीत प्रथम तिचा प्रकार (ग्रंथ, लेख, प्रबंध इत्यादी), नंतर तिची खूण आणि त्यापुढे लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष हे तपशील असतात. लेखनात जेथे संदर्भ द्यावयाचा, तेथे केवळ ती खूण लिहावयाची. लाटेक प्रथम खुणा गोळा करते; सूचीचा प्रोग्रॅम त्यांनुसार नोंदी काढून क्रमाने लावतो; त्यानंतर लाटेक पुन्हा चालविले की संदर्भ व सूची जागच्या जागी बसतात. उल्लेखिलेले ग्रंथ तेवढेच सूचीत येतात. त्यामुळे एकच फाइल अनेक लेखांना पुरते आणि चूक एका ठिकाणी सुधारली की ती सर्वत्र सुधारते.

मात्र याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावयास हवी. नोंदीतच चूक असली, तर तीही सर्वत्र पोचते.

घ्यावयाची दक्षता

खूण रोमन लिपीत, आडनाव व साल मिळून करावी. एकच खूण दोन नोंदींना देऊ नये. १९६९ व १९९१ या आवृत्तींची पृष्ठे एकच आहेत असे गृहीत न धरता त्यांच्या स्वतंत्र नोंदी कराव्यात.

नावांच्या बाबतीत आडनाव प्रथम, मग स्वल्पविराम, मग नाव असा क्रम ठेवावा. दोन लेखकांच्या मध्ये स्वल्पविराम न देता ‘अँड’ हा इंग्रजी शब्द रोमन अक्षरांतच लिहावा लागतो. शासकीय प्रकाशनांत एक चूक हमखास होते. ‘महाराष्ट्र शासन’ असे साधेपणाने लिहिल्यास प्रोग्रॅम ‘महाराष्ट्र’ हे नाव व ‘शासन’ हे आडनाव समजतो. संस्थेचे नाव महिरपी कंसांच्या दुहेरी जोडीत ठेवले म्हणजे ते अखंड राहते.

मराठी नोंदींसाठी मूळ बिबटेक सोयीचा नाही, कारण तो रोमन अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून रचलेला आहे. त्याऐवजी बिबलाटेक हा संच आणि त्याचा जोडीदार बायबर हा प्रोग्रॅम वापरावा. युनिकोडमधील देवनागरी मजकूर त्याला वाचता येतो व वर्णानुक्रमे लावता येतो. अक्षरजुळणीसाठी झीलाटेक अथवा लुआलाटेक घ्यावे. नोंदी भरण्यास जॅबरेफसारखे विनामूल्य साधनही उपलब्ध आहे.

जबाबदारी कोणाची?

इंटरनेटवरून तयार नोंदी घेता येतात. परंतु त्यांत संपादकाचे नाव गळलेले किंवा पुनर्मुद्रणाचे साल पडलेले असू शकते. म्हणून प्रत्येक नोंद ग्रंथाच्या मुखपृष्ठामागील तपशिलाशी ताडून पाहावी आणि फाइलीची एक प्रत अन्यत्र जपून ठेवावी. खूण चुकली तर प्रोग्रॅम इशारा देतो. साल चुकले तर मात्र तो काहीच बोलत नाही. ते पाहण्याचे काम लेखकाचेच राहते.