भांडे कोणते, यावरही प्रकृती ठरते

मिक्सर घ्यायचा तर आपण चार दुकाने हिंडतो, वॉरंटी कार्ड जपून ठेवतो. पण ज्या पातेल्यात रोज दूध तापते आणि ज्या कढईत रोज भाजी होते, ते भांडे कोणत्या धातूचे आहे, त्याची कल्हई शाबूत आहे का, हे फारसे कोणी पाहत नाही. अन्न शिजताना भांड्याचा अल्पसा अंश अन्नात उतरतो. काही धातूंचा अंश शरीराला उपयोगी पडतो, तर काहींचा घातक ठरतो. म्हणून भांड्यांवरचा खर्च हा आरोग्यावरचाही खर्च समजावा.

पितळेचे पातेले आणि बाळाचे यकृत

आज हा विषय घेण्यास कारण आहे. अडगळीत गेलेली पितळेची भांडी पुन्हा घराघरांत येऊ लागली आहेत. शिरवळ, लोणंदच्या दुकानांतही त्यांना मागणी दिसते. शोभेला ती छानच आहेत. मात्र ज्या घरात तान्हे मूल आहे, तेथे पुढील हकिकत माहीत असलीच पाहिजे.

पूर्वी आपल्या भागात सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना यकृताचा एक भयंकर विकार होत असे. पोट फुगायचे, यकृत दगडासारखे कठीण व्हायचे, कावीळ व्हायची आणि बहुतेक मुले काही महिन्यांत दगावायची. एकाच आईची दोन-दोन मुले जायची. अशा मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण प्रचंड आढळे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या आहाराचा शोध घेतला. त्यांचे निष्कर्ष १९८३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या मुलांना लवकर वरचे दूध सुरू झालेले होते आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवले जात होते.

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. दुधातील प्रथिने तांबे धरून ठेवतात. मोठ्या माणसाचे यकृत जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्या बाळाला ते पुरेसे जमत नाही, शिवाय काही कुळांत ही नाजूकता अधिक असावी. डॉक्टरांनी पितळेत दूध न ठेवण्याचा सल्ला दिला, घरोघर स्टील आले आणि हा आजार दुर्मीळ झाला. आज नव्या आईबापांनी त्याचे नावही ऐकलेले नसते, आणि धोका नेमका तेथेच आहे. बाळाला सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. पुढे वरचे दूध लागलेच, तर ते स्टीलच्या पातेल्यातच तापवावे आणि त्यातच ठेवावे.

कल्हईचे महत्त्व

पितळेत ठेवलेले ताक कळकते, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते. कळकणे म्हणजे आंबट पदार्थात तांबे उतरणे. असे ताक किंवा आमटी पोटात गेल्यास मळमळ, उलट्या, पोटदुखी होते. यावरचा जुना उपाय म्हणजे कल्हई, अर्थात आतून कथलाचा मुलामा. आतला पांढरा रंग जाऊन पिवळेपणा दिसू लागला, की ते भांडे पुन्हा कल्हई होईपर्यंत बाजूला ठेवावे. कल्हईला शुद्ध कथीलच वापरण्याचा आग्रह धरावा, शिसे मिसळलेले नको. तांब्याच्या कळशीत साधे पाणी चालते, पण लिंबू सरबत, ताक किंवा दूध चालत नाही.

लोखंडी कढई हवीच

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे ५४ जणींना रक्तक्षय आहे. थकवा, धाप, चक्कर अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात येणाऱ्या अनेक भगिनींच्या दुखण्याचे मूळ यातच असते. लोखंडी भांड्यातून अन्नात लोह उतरते. इथिओपियातील एका प्रयोगात लोखंडी भांड्यात शिजवलेले अन्न खाणाऱ्या मुलांचे हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमच्या भांड्यातील अन्न खाणाऱ्या मुलांपेक्षा अधिक वाढले, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

मेथी, चाकवत, पोकळा अशा पालेभाज्या लोखंडी कढईत कराव्यात, भाकरी बिडाच्या किंवा लोखंडी तव्यावर भाजावी. भाजी होताच दुसऱ्या भांड्यात काढावी, वाढताना लिंबू पिळावे आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. कढई धुऊन, कोरडी करून तेलाचा हात फिरवला, की गंजत नाही. मात्र कढई म्हणजे औषध नव्हे. हिमोग्लोबिन कमी असेल तर गोळ्या घ्याव्याच लागतात. थॅलॅसेमियाच्या रुग्णांनी लोखंडी भांडी वापरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

'जर्मन'ची भांडी

ॲल्युमिनियमला आपल्याकडे 'जर्मन' म्हणतात. चांगल्या प्रतीच्या भांड्यात भात किंवा डाळ शिजवण्यास हरकत नाही, पण चिंचेची आमटी, टोमॅटोचे सार, ताक त्यात ठेवू नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत आंबट पदार्थांबाबत हेच सांगितले आहे. खरी भीती भंगार वितळवून केलेल्या स्वस्त भांड्यांची आहे. त्यात शिसे असू शकते आणि शिसे मुलांच्या मेंदूला घातक असते. आयात केलेल्या काही ॲल्युमिनियम, पितळ व हिंदालियमच्या भांड्यांतून शिसे अन्नात उतरते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये दिला. बिननावाचे, वजनावर मिळणारे भांडे स्वस्त पडले तरी घेऊ नये.

कुकर आणि नॉनस्टिक

घरगुती प्रेशर कुकरवर आयएसआय चिन्ह १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचे झाले. ते पाहूनच कुकर घ्यावा. कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, डाळी असल्यास निम्माच भरावा. शिटीची नळी रोज उजेडाकडे धरून मोकळी आहे का पाहावे. गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे घ्यावेत. वाफ पूर्ण जिरण्यापूर्वी झाकण ओढू नये. भाजल्यास त्या जागी २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. हळद, शाई, टूथपेस्ट काहीही लावू नये.

नॉनस्टिक तवा रिकामा मोठ्या आचेवर ठेवू नये, त्यावर लोखंडी उलथणे वापरू नये आणि थर निघू लागताच तो बदलावा.

थोडक्यात

सगळी भांडी एकदम बदलण्याची गरज नाही. ऐपतीप्रमाणे, पुढील क्रमाने घ्यावीत :

१. दुधासाठी जाड बुडाचे स्टीलचे पातेले.
२. लोखंडी कढई आणि तवा.
३. आयएसआय चिन्हाचा कुकर.
४. आंबट पदार्थ आणि लोणची यांसाठी स्टील, काच किंवा चिनी मातीची भांडी.

ही भांडी नीट वापरली तर वर्षानुवर्षे टिकतात. लग्नाच्या आहेरात किंवा बारशाला भांडे द्यायचेच असेल, तर शोभेच्या पितळेऐवजी दुधाचे स्टीलचे पातेले द्यावे. बाळाला त्याचाच खरा उपयोग होईल.