बँकेचे अध्यक्षपद : अधिकार आणि उत्तरदायित्व

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातील १९५५ च्या करारातून भिलाई पोलाद प्रकल्प आकारास आला. कारखान्यासोबत सेक्टरांमध्ये विभागलेली नगरी वसली आणि सिविक सेंटर हे तिच्या बाजारपेठेचे व सार्वजनिक जीवनाचे केंद्र बनले. सार्वजनिक उपक्रमाने घडविलेल्या या नगरीत अरुंधती भट्टाचार्य यांचे बालपण गेले. त्यांचे वडील पोलाद प्रकल्पात नोकरीस होते. पुढे त्या देशातील सर्वांत मोठ्या बँकेच्या अध्यक्ष झाल्या. बँकेच्या अध्यक्षाचे अधिकार कोणते आणि त्याच्या कामगिरीचे मूल्यमापन कसे करावे, हे समजून घेण्यासाठी त्यांची कारकीर्द उपयुक्त ठरते.

कारकिर्दीचे टप्पे

इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थिनी असलेल्या भट्टाचार्य १९७७ मध्ये परिविक्षाधीन अधिकारी म्हणून भारतीय स्टेट बँकेत दाखल झाल्या. परकीय चलन, कोषागार, किरकोळ बँकिंग, मनुष्यबळ अशा विविध विभागांचा तसेच न्यूयॉर्क कार्यालयातील कामाचा अनुभव त्यांनी घेतला. एसबीआय कॅपिटल मार्केट्स या उपकंपनीचे प्रमुखपद आणि बँकेचे व्यवस्थापकीय संचालकपद त्यांनी भूषविले. ७ ऑक्टोबर २०१३ रोजी त्या बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. तीन वर्षांच्या मुदतीनंतर त्यांना एक वर्ष वाढ मिळाली. १ एप्रिल २०१७ रोजी पाच सहयोगी बँका व भारतीय महिला बँक यांचे स्टेट बँकेत विलीनीकरण झाले, ते याच वाढीव वर्षात. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्या निवृत्त झाल्या. २०२० मध्ये त्यांनी सेल्सफोर्स इंडिया या खासगी कंपनीची सूत्रे हाती घेतली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

एकच पदनाम, भिन्न अधिकार

स्टेट बँकेचा अध्यक्ष कार्यकारी असतो. १९५५ च्या भारतीय स्टेट बँक कायद्यानुसार केंद्र सरकार रिझर्व्ह बँकेशी विचारविनिमय करून त्याची नेमणूक करते. राष्ट्रीयीकृत बँकांत मात्र अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक ही पदे विभक्त करण्यात आली असून तेथील अध्यक्ष बिगर-कार्यकारी असतो. खासगी बँकांच्या संचालक मंडळाचा अध्यक्ष स्वतंत्र संचालक असावा, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये स्पष्ट केले. कारभार चालविणारा आणि कारभारावर देखरेख ठेवणारा वेगळा असावा, हे या विभाजनामागील तत्त्व होय. पी. जे. नायक समितीनेही २०१४ मध्ये सार्वजनिक बँकांच्या संचालक मंडळांच्या सुधारणेवर भर दिला होता.

मूल्यमापनाची अडचण

मार्च २०१५ मध्ये स्टेट बँकेच्या ढोबळ अनुत्पादक कर्जांचे प्रमाण ४.२५ टक्के होते. मार्च २०१६ मध्ये ते ६.५० टक्के व मार्च २०१७ मध्ये ६.९० टक्के झाले. विलीनीकरणानंतर, मार्च २०१८ मध्ये, ते १०.९१ टक्क्यांवर पोहोचले. केवळ आकडे पाहिल्यास हा कालखंड अपयशाचा वाटेल. तथापि २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मालमत्ता गुणवत्ता आढावा हाती घेतल्यामुळे आधीपासून अडचणीत असलेली कर्जे उघड झाली. त्यांतील अनेक कर्जे पोलाद, वीज व पायाभूत क्षेत्रांना त्यापूर्वीच्या तेजीच्या काळात दिली गेली होती.

एस्सार स्टीलचे उदाहरण बोलके आहे. या कंपनीची कर्जे २०१३ पूर्वीपासूनची होती. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेखाली तिचे प्रकरण २०१७ मध्ये, भट्टाचार्य यांच्या कार्यकाळात, न्यायाधिकरणापुढे दाखल झाले. त्याचा निपटारा होऊन बँकांना रक्कम मिळाली ती डिसेंबर २०१९ मध्ये. तेव्हा रजनीश कुमार अध्यक्ष होते. कर्ज देणारा, ते बुडीत असल्याचे मान्य करणारा आणि वसुली पाहणारा, असे तीन निरनिराळे कार्यकाळ एकाच कर्जाशी निगडित असतात. मार्च २०२५ मध्ये हेच प्रमाण १.८२ टक्क्यांपर्यंत खाली आले, त्याचेही श्रेय एकाच अध्यक्षाला देता येणार नाही.

निष्कर्ष

पोलादाच्या भट्टीचे उत्पादन दररोज मोजता येते. कर्जाचा दर्जा मात्र अनेक वर्षांनी कळतो. म्हणूनच अध्यक्षाचे मूल्यमापन करताना त्याच्या काळात किती कर्जे बुडीत ठरली, एवढेच न पाहता त्याने ती वेळेवर मान्य केली की लपविली आणि नवी कर्जे कोणत्या कसोट्यांवर दिली, हे तपासणे अगत्याचे आहे. लोकांच्या ठेवींची सुरक्षितता त्यावरच अवलंबून असते.