उपवासाचे पैसे कुठे जातात?

आजचा शास्त्रपाठ: यशया 58:6-11, मत्तय 6:1-4



राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली की घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो, "यंदा काय सोडलंस?" कुणी चहा सोडतो, कुणी मटण, कुणी सिरियल. पण दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. सोडलेल्या गोष्टीचे पैसे कुठे गेले?

यशया संदेष्ट्याच्या काळातले लोकही उपवास करत होते. वर देवाकडेच तक्रार करत होते की आम्ही एवढे उपाशी राहतो, तुझं लक्ष कुठे आहे? देवाचं उत्तर सरळ आहे. मला हवा तो उपवास म्हणजे दबलेल्याचं जोखड मोडणं, भुकेल्याला आपल्यातली भाकरी देणं, उघड्याला वस्त्र आणि बेघराला आसरा देणं. राखेच्या बुधवारनंतर लगेच येणाऱ्या शुक्रवारी आणि शनिवारी मिस्सेत हाच अध्याय वाचला जातो. उपवासकाळाच्या दाराशीच ख्रिस्तसभा आपल्याला हे ऐकवते, ते उगाच नाही.

आपल्याकडे म्हण आहे, एकादशी आणि दुप्पट खाशी. आपल्यालाही ती लागू पडते. शुक्रवारी मटण टाळलं आणि त्याहून महाग सुरमई आणली, तर नियम पाळला गेला, पण त्याग कुठे झाला? आणि खरोखरच कमी खाल्लं, पण वाचलेले पैसे आपल्याच खात्यात राहिले, तर ती बचत झाली. पाचव्या शतकातले पोप संत लिओ महान आपल्या उपवासकाळातल्या प्रवचनांत उपवास आणि दानधर्म यांची सांगड पुन्हा पुन्हा घालतात. आपल्या ताटातून जे कमी झालं, ते गरिबाच्या ताटात पडायला हवं.

मी इंजिनिअर माणूस, म्हणून थोडा हिशोब करतो. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थान रविवारच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस होतात. त्यातले 6 रविवार वजा केले की 40 उरतात. ऑफिसखाली 15 रुपयांचा चहा दिवसातून दोनदा घेणाऱ्याने तो सोडला, तर 40 दिवसांत 1200 रुपये होतात. रक्कम मोठी नाही. पण रोज संध्याकाळी ते 30 रुपये डब्यात टाकले तर रोज एकदा तरी भुकेल्या माणसाची आठवण होते. शेवटच्या दिवशी मोबाइलवरून एकदम 1200 पाठवले तर रक्कम तीच, पण ती 40 वेळची आठवण गेली. म्हणून मुलं असलेल्या घरात डबा ठेवाच.

असं साठवलेलं दान काय करू शकतं? 1946 साली जर्मनी युद्धानंतर उपासमार आणि कडाक्याच्या थंडीत होती. त्या वर्षाच्या शेवटच्या रात्री कोलोनचे कार्डिनल योझेफ फ्रिंग्ज प्रवचनात म्हणाले की जगण्यापुरतं लागणारं दुसऱ्या मार्गाने मिळतच नसेल, तर गरजूने ते घेणं समजू शकतं. लोक कोळशाच्या गाड्यांवरून कोळसा उचलत होते, ते दिवस होते. पुढे अवघ्या बारा वर्षांत, 1958 साली, याच कार्डिनलांच्या पुढाकाराने तिथल्या बिशपांनी उपवासकाळातलं दान जगभरातल्या भुकेल्यांसाठी गोळा करायचं ठरवलं. त्या कार्याला नाव दिलं 'मिझेरिओर'. मार्कच्या आठव्या अध्यायात, तीन दिवस सोबत राहिलेल्या जमावाजवळ खायला काही नाही हे पाहून प्रभू येशूला कळवळा येतो, तिथला हा लॅटिन शब्द. स्वित्झर्लंडच्या कॅथलिकांनी 1961 साली सुरू केलेल्या कार्याचं तर नावच 'उपवासकाळाचा त्याग' अशा अर्थाचं होतं. आपल्या देशात बिशपांनी 1962 साली कॅरितास इंडियाची स्थापना केली. उपवासकाळात अनेक धर्मग्रामांत तिची मोहीम चालते. ज्यांनी भूक भोगली, त्यांनीच डबा भरला. हे मला फार बोलतं.

कारण मी म्हसवडचा. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला आमचा माण तालुका. इथे उपवास नेहमीच निवडून केलेला नसतो. 2012-13 च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनने जनावरांची छावणी उघडली. हजारो जनावरं होती आणि त्यांच्यासोबत मुक्कामाला आलेली कुटुंबं. विकायचं नाही म्हणून गाय-बैल घेऊन चाऱ्यापाण्यासाठी घर सोडलेली ही माणसं. आपण चाळीस दिवस पोटाला चिमटा घेतो, ते निदान थोडं तरी त्यांच्या बाजूला बसण्यासाठी. यशया 58 च्या अकराव्या वचनात देव वचन देतो की तो रखरखीत भूमीत तृप्त करील आणि आपण भरपूर पाणी मिळालेल्या मळ्यासारखे होऊ. माणदेशात हे वाचताना अंगावर काटा येतो. पण हे वचन कधी येतं ते पाहा. भुकेल्याला देण्याची गोष्ट आधी येते, मळ्याची नंतर.

आता मत्तय. प्रभू येशू "दान केलंस तर" असं म्हणत नाही. तू दान करशीलच, हे तो धरूनच चालतो. सांगतो ते एवढंच, की गाजावाजा नको. आजचं कर्णं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला पेमेंटचा स्क्रीनशॉट. ज्याला मदत मिळते त्याचीही अब्रू असते. धर्मग्रामाच्या पाकिटात 10 रुपयांची नोट आणि 2000 रुपये शेजारी शेजारी असतात आणि कुणाचं काय ते कुणालाच कळत नाही. पाकिटाची हीच गोडी आहे.

आजची कृती:
1. जे सोडलं आहे त्याची किंमत काढा आणि आजपासून डब्यात टाका.
2. घरातल्या मुलांना त्यांच्या खाऊतलं काय द्यायचं ते स्वतः ठरवू द्या.
3. पैसे नसतील तर वेळ द्या. शेजारच्या आजारी माणसाकडे अर्धा तास बसणं हेही दानच आहे.

प्रार्थना: हे प्रभू येशू, उपाशी जमाव पाहून तुझं काळीज हललं. आमचंही हलू दे. आम्ही जे सोडतो ते आमच्याच खिशात न राहता तुझ्या लेकरांच्या ताटात पोहोचू दे. आमच्या कोरड्या भूमीवर आणि कोरड्या मनांवर तुझी कृपा बरसू दे. आमेन.