कॅमेऱ्यांचे चित्रण कोठे साठवावे – पेटीत की संगणकात?



आपल्या वडोदऱ्यातील पुष्कळ मराठी घरांत आता आजी-आजोबाच उरले आहेत. मुले पुण्याला, बंगळुरूला नाहीतर परदेशी. अशा घरी कॅमेरे बसवावयाचे ठरले की सारी चर्चा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, यावरच होते. पण कॅमेरा नुसता पाहतो. पाहिलेले जपून ठेवणारे यंत्र निराळे असते, आणि चोरी झाल्यावर लागते ते जपलेले चित्रण. या पाठात आम्ही त्या दुसऱ्या यंत्राचा विचार करणार आहोत.

त्याचे प्रकार दोन. पहिला म्हणजे बाजारात मिळणारी तयार पेटी. जुन्या पद्धतीच्या जाड गोल केबलवरचे कॅमेरे ज्या पेटीला जोडतात ती डीव्हीआर, आणि संगणकाच्या नेटवर्क केबलवरचे कॅमेरे जोडतात ती एनव्हीआर. दुसऱ्या प्रकारात साधा संगणक घेऊन त्यात सॉफ्टवेअर घालतात व तो नेटवर्कवरून कॅमेऱ्यांचे चित्र ओढून घेतो. ब्लू आयरिस हे विंडोजवर चालणारे विकतचे सॉफ्टवेअर; झोनमाइंडर आणि फ्रिगेट ही फुकट व मुक्त स्रोताची, मुख्यतः लिनक्सवर चालणारी. खरे पाहता पेटीतही एक छोटा संगणकच असतो. फरक इतकाच, की त्याला दुसरे कोणतेही काम नसते.

आमच्या मते सगळा निर्णय या एका फरकावर ठरतो.

घरातला संगणक दहा जणांचा असतो. त्यावर हिशेब होतात, प्रकल्प होतात, खेळही होतात. रात्री विंडोज स्वतःला अद्ययावत करून पुन्हा सुरू होते, आणि नीट मांडणी केलेली नसेल तर रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर बंदच राहते. वीज जाऊन आली की पेटी आपोआप सुरू होते. संगणकाला मात्र ‘वीज येताच सुरू हो’ असे त्याच्या बायोसमध्ये आधी सांगून ठेवावे लागते. हे सारे करता येते, अवघड नाही. पण दिवाळीत आलेला मुलगा चार दिवसांत सर्व जोडून परत गेला, तर फाल्गुनात बंद पडलेले सॉफ्टवेअर आजोबांनी कसे ओळखावे? बंद पडलेले रेकॉर्डिंग आवाज करीत नाही. ते कळते ते नेमके गरजेच्या दिवशी.

सॉफ्टवेअरचे गुणही सांगितलेच पाहिजेत. निरनिराळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकत्र चालविणे, मांजर आणि माणूस यांत फरक करणे, हवा तो प्रसंग पटकन शोधणे, यांत ते फार सरस ठरू शकते. नव्या पेट्यांतही यातले काही येते; पण कंपनीने सुधारणा देणे थांबविले की पेटी आहे तिथेच राहते. म्हणून घरात संगणकाची आवड असलेले कोणी कायम राहत असेल, तर त्याने वेगळा छोटा संगणक फक्त याच कामासाठी ठेवून सॉफ्टवेअर जरूर वापरावे. कॅमेरे घेताना खोक्यावर ‘ऑनव्हिफ’ असे लिहिलेले पाहावे. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी एकमेकांशी बोलावे म्हणून २००८ पासून चालत आलेले हे मानक आहे. बाकीच्या घरांनी पेटीच घ्यावी. जुनी गोल केबल भिंतीतून आधीच फिरविलेली असेल तर प्रश्नच मिटला: डीव्हीआर.

आता गणित. साठ वॅटचा संगणक चोवीस तास चालला तर महिन्याला सुमारे ४३ युनिट जळतात. पंधरा वॅटच्या पेटीला ११ पुरतात. युनिटला सात रुपये धरले तर फरक महिना सव्वादोनशे रुपयांचा. इन्व्हर्टरवरही पेटी अधिक वेळ तग धरते, मात्र राऊटर आणि कॅमेऱ्यांची वीजही त्याच इन्व्हर्टरवर हवी.

साठवणीचे असे: एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट पाठवितो असे धरू. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला पाव मेगाबाइट. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणून दिवसाला २१.६ गिगाबाइट. चार कॅमेऱ्यांचे ८६.४. एक टेराबाइटची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि मग जुने पुसून नवे लिहिले जाते. पंधरा दिवस गावी जाणाऱ्याने दोन टेराबाइटचीच घ्यावी, आणि तीही सतत लिहिण्यासाठी बनविलेली, सर्व्हेलन्स प्रकारची.

चित्रण न्यायालयात गेले तर काय? जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीच्या वादात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रणाचाच प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरविले, की नक्कल दाखल करावयाची तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. मूळ यंत्रच मालकाने हजर करून साक्ष दिली तर त्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष कायद्यातही प्रमाणपत्राची अट कायम आहे. पेटी उचलून देता येते. घरचे सर्व कामकाज असलेला संगणक देणे जिवावर येते. दोन्हींचे घड्याळ मात्र बरोबर असले पाहिजे. वेळ चुकलेल्या चित्रणावर वकील पहिला प्रश्न त्याचाच काढतात.

पासवर्डचे दुर्लक्ष नको. २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, आणि त्या ऑक्टोबरात अमेरिकेतील कित्येक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. मालकांना पत्ताही नव्हता.

पेटी दूरदर्शन संचाखाली ठेवू नये, चोर तीच आधी उचलतो. हवा खेळती असलेल्या कुलुपाच्या कपाटात ठेवावी, आणि दाराच्या कॅमेऱ्यात मेमरी कार्ड घालून दुसरी प्रत राखावी. दांडियाबाजारातील जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून वायफाय नीट जात नाही. तेथे केबलच टाकावी. ती गच्चीवरून मोकळी सोडू नये, उत्तरायणात मांजा तिच्यात हमखास अडकतो.

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांसाठी उदाहरण: तीन कॅमेरे, प्रत्येकी सेकंदाला ३ मेगाबिट, डिस्क दोन टेराबाइटची. किती दिवसांचे चित्रण राहील? उत्तर वीस दिवसांच्या थोडे वर आले पाहिजे.